एकाच लॉटचे दोन नग

चिखली
१३ फेब्रुवारी २०२५

कॉट नंबर आठ, अण्णासाहेब यांस
कॉट नंबर सातचा नमस्कार.

फोन सोडून हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. परवाच्या फोनचा परिणाम आधी ऐका. गिरजाबाईंनी तुमच्या लाल उशीला झालर लावली, हे तुम्ही सांगितलं आणि मी हसलो. छातीचं हाड मधोमध उभं कापून तारेनं बांधलेल्या माणसानं हसू नये इतकं हसलो. त्यानंतर दोन दिवस मला कूस बदलता आली नाही. आमच्या सौ. अंबूबाईनं माझा मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावून सांगितलं, "त्या काळेवाडीच्या मान्साशी आता फोनवर बोलायचं न्हाई. लईच उमाळा आला तर लिवा."

विचार केल्यावर मला तिचं पटलं. फोनवरचं हसू सांगून येत नाही, कागद मात्र खाली ठेवता येतो. तरी एक पद्धत ठरवू. पुढं हसण्यासारखं काही असेल तर लिहिणाऱ्यानं आधी 'उशी' असं लिहायचं. वाचणाऱ्यानं हॉस्पिटलची उशी छातीशी धरायची आणि मगच पुढं जायचं. खोकताना धरायला दिलेली वस्तू हसताना वापरली तर डॉक्टरांची हरकत नसावी. आमचा सुजित रोज माणला कंपनीत जातो, तो वाटेत तुमच्या दारात पत्र टाकेल. फोटो काढून पाठवा ना बाबा, असं त्याचं म्हणणं होतं. मोबाईल पिठात आहे म्हटल्यावर पाकीट आणायला निघाला.

आता कामाचं. चौतीस वर्षं मी चाकणच्या प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्टर होतो. जोड दिसला की तपासल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणून घरी आल्यापासून रजिस्टर घातलं आहे. सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि झोपताना, अशी शिफ्टच्या हिशोबानं तपासणी. वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी अंगठा ठेवून दहा आकडे मोजेपर्यंत दाबायचं आणि किती दुखलं ते दहापैकी लिहायचं. माझं आजचं: वर पाच, मध्ये सहा, खाली पाच.

तुम्हीही सुरू करा. आपण दोघं सहा जानेवारीला एकाच डॉक्टरांच्या हातून, एकाच टेबलावरून उतरलो. तुम्ही सकाळी, मी दुपारी. एकाच लॉटचे दोन नग. एका नगावरून लॉटबद्दल बोलता येत नाही, दोन असले की काहीतरी म्हणता येतं.

एवढी घाई का, तेही सांगतो. आमची वर्षाली बाळंतपणाला आली आहे, माझ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. मला सहा आठवडे दोन किलोच्या वर उचलायचं नाही, आणि नात जन्मली दोन किलो आठशेची. म्हणजे पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. तिला अजून एकदाही घेतलेलं नाही, नुसतं बघतो. सतरा तारखेला माझी मर्यादा पाच किलो होते आणि ती आज तीन नऊशे आहे. सोमवारी घेणार. बारसंही त्यासाठीच लांबवलंय, आजोबा बरे झाल्यावर.

आपला,
हिंदुराव


काळेवाडी
१८ फेब्रुवारी

हिंदुराव,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र पोचलं चौदा तारखेला सकाळी, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

उशी.

धरली का? मी पत्र घेऊन गॅलरीत बसलो. तुमची ती पिठाच्या डब्याची ओळ आली तशी मी उशी छातीशी घट्ट धरली. आता ती उशी लाल, बदामाच्या आकाराची, वर गिरजाची झालर. समोरच्या केसरबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलं की चौदा फेब्रुवारीला एक तरणाबांड पोरगा बंद पाकीट देऊन गेला, आणि त्यानंतर हा एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा लाल बदाम उराशी धरून एकटाच हसतोय. दुपारपर्यंत गल्लीत खबर. संध्याकाळी गिरजा विचारते, "कुणाचं पत्र आहे ते खरं सांगा." मी सांगितलं, कॉट नंबर सातचं. ती म्हणाली, "ती बायांच्या वॉर्डात होती का?" शेवटी पत्रच तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि मग तिलाही उशी लागली.

तुमच्या रजिस्टरबद्दल. हिंदुराव, मी तीस वर्षं प्रेसवर ऑपरेटर होतो. तुमच्यासारखे इन्स्पेक्टर फार बघितले. राऊंड मारून साहेब गेले की शिफ्टभराचे आकडे आम्ही कँटीनमध्ये चहा पिता पिता भरायचो. पण तुमच्यासाठी अंगठा लावला. वर तीन, मध्ये पाच, खाली चार. दाबल्यावर नंतर तासभर ठणकतं बरं का.

सोमवार होऊन गेला. नात घेतली का? तेवढं आधी कळवा.

आपला,
अण्णासाहेब


चिखली
२४ फेब्रुवारी

अण्णासाहेब,
नमस्कार. केसरबाईंच्या प्रकरणात मला उशी अपुरी पडली. वरून अंबूबाईची चादर गुंडाळून घ्यावी लागली.

नात घेतली नाही.

सगळी तयारी झाली होती. हात धुतले, खुर्चीत पाठ टेकून बसलो, वर्षाली तिला घेऊन समोर उभी राहिली. म्हटलं, घेण्याआधी एकदा जोड बघून घेऊ. अंगठा लावला तर मध्ये सहा. गेल्या आठवड्यात सहा, आत्ताही सहा. सहा आठवडे संपले आणि आकडा जागचा हलला नाही, म्हणजे जोड धरलेला नाही, असाच अर्थ होतो. वर्षालीला म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ती बाळाला घेऊन तशीच आत गेली.

तुम्हाला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. हाड उघडलं तर माझं काय व्हायचं ते होईल. पण ती हातात असताना कळ आली आणि हात सुटला तर? ते मला सोसणार नाही. चाकणला मी हजारो नग अडवले ते उगाच नव्हे. शंका असली की माल पुढं जाऊ द्यायचा नाही.

कार्टीही अशी की थांबायला तयार नाही. आज चार किलो तीनशे. माझी मर्यादा कॅलेंडरवर वाढते, तिचं वजन दुधावर.

तुमचे आठवड्याचे आकडे पाठवा. त्यावर बरंच काही ठरणार आहे.

आपला,
हिंदुराव


काळेवाडी
१ मार्च

हिंदुराव,
जय भीम.

माझंही तसंच चाललंय. वर चार, मध्ये पाच, खाली चार. सगळा आठवडा तेच. तेव्हा तुम्ही एकटे आहात असं मनात आणू नका. दुखायचंच, आपलं वयच तसं.

पण नात घ्या. पाच किलोच्या आत आहे तोवर घ्या. बसून घ्यायचं, वर्षालीला जवळ उभं करायचं. तुम्ही काय तिला माळ्यावर चढवणार आहात का?

उशी. परवा फाट्यावर भाजी आणायला गेलो. परत येताना लिफ्ट बंद. तीन मजले चढून आलो तर दारात केसरबाई. म्हणतात कशा, "अण्णा, आज पत्र न्हाई का आलं?" मी म्हटलं, तिनं आता दुसरा बघितला. बाई इतक्या हळहळल्या की संध्याकाळी वाटीभर खीर पाठवली. खाऊन कुशीवर झोपलो ते थेट सकाळी उठलो.

आपला,
अण्णासाहेब


चिखली
९ मार्च

अण्णासाहेब,
नमस्कार.

तुमच्या आकड्यांनी निकाल लागला. दोन नग, एकच दिवस, एकच डॉक्टर, आणि दोघांतही मध्यभागी दोष, दोघांतही सुधारणा शून्य. हा नगाचा दोष नव्हे, लॉटचा आहे. मी रीतसर तक्रार तयार केली आहे. चोवीस तारखेला तपासणीला बोलावलंय तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणार. सोबत कारणशोधाचा तक्ता जोडला आहे, कंपनीत करायचो तसा, पाच वेळा 'का' विचारून.

उशी, कारण अंबूबाईनं हा तक्ता गॅसच्या वहीत मिळाल्यावर काय केलं ते सांगायचं नाही असं ठरवूनही सांगतोय. का दुखतं? जोड नाजूक म्हणून. जोड नाजूक का? हाड धरलं नाही म्हणून. हाड का धरलं नाही? तार सैल असावी म्हणून. तार सैल का? पिळताना कमी पिळली असावी म्हणून. पाचवं 'का' मोकळं ठेवून तिथं लिहिलं, डॉक्टरांनी भरावे. अंबूबाईनं खाली सहावं लिहून ठेवलं: ह्या माणसाशी लग्न का केलं?

बाकी हसण्यासारखं काही नाही. वर्षालीला काल सांगितलं की आता थांबू नकोस, अकोल्याला सासरी जा आणि बारसं तिकडंच उरकून घ्या. बाळ चार नऊशे झालं. चार दिवसांत पाचाच्या वर जाईल. मग तिला घेणं मला नियमातही बसणार नाही. मी लांबून बघितलं तरी माझी नातच आहे ती. अंबूबाई कालपासून माझं ताट आपटून ठेवते. वर्षालीनं बॅगा काढल्या आहेत.

तक्रारीवर तुमची सही लागेल. कोरी जागा सोडली आहे.

आपला,
हिंदुराव


काळेवाडी
११ मार्च

हिंदुराव,
या पत्राला उशी लागणार नाही.

सही मी करू शकत नाही. मी पाठवलेले आकडे खोटे आहेत. पहिल्या पत्रातले तेवढे खरे.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस अंगठा लावला. नंतर कंटाळा आला आणि सोडून दिलं. मग एके सकाळी उठलो, चहा झाला, पेपर झाला, नऊ वाजले तरी मला छाती आहे याची आठवणच आली नाही. अजून खोकलो तर थोडं दुखतं, पाऊस-पाण्यात दुखेलही, पण तुमच्यासारखं काही नाही. त्याच संध्याकाळी तुमचं चोवीस तारखेचं पत्र आलं. सहा आकडा हलत नाही म्हणून. मला भीती वाटते म्हणून.

मला लाजच वाटली. सात आणि आठ नंबर शेजारी शेजारी कण्हलो, शेजारी शेजारी पहिल्यांदा उभे राहिलो. तुम्ही पडलात तर तुम्हाला धरायला मी हात पुढं केला होता, तेव्हा माझ्याच्यानं उभंही राहवत नव्हतं. आता माझं बरं झालं हे तुम्हाला कोणत्या तोंडानं लिहू? म्हणून तुमच्या आकड्यातून एकेक कमी करून लिहिला. सोबत होईल एवढंच मनात होतं. त्या आकड्यांवर तुम्ही लेकीला वाटेला लावाल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

शिव्या द्या, पण वर्षालीच्या बॅगा परत ठेवायला लावा.

आपला,
अण्णासाहेब


चिखली
१३ मार्च

अण्णासाहेब,
खोट्या आकड्यांसाठी मी आजवर सात ऑपरेटरांना घरी बसवलं. तुमचे सगळे आकडे लाल शाईनं बाद केले आहेत. मला आधीच कळायला हवं होतं. खऱ्या मोजमापात कधी ना कधी वाकडा आकडा येतोच, तुमचे सगळे सरळ रांगेत.

खोटं लिहिलंत याचं जितकं लागलं त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. बिघडलो तर दोघं बिघडलोय, असं मला वाटत होतं. लॉट चांगला आहे आणि एकटा मीच वाया गेलेला आहे, हे तुमच्या पत्रानं कळलं.

आता पत्र पाठवू नये. सुजितला गाडी दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सांगितलं आहे.

हिंदुराव


चिखली
२६ मार्च

अण्णासाहेब भाऊ यांस
अंबूबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. हे पत्र ह्यांना न सांगता पाठवतेय. सुजित तुमच्याच रस्त्यानं जातोय, त्यानं रस्ता बदललाच नव्हता. दुसऱ्या रस्त्याला पाऊण तास जास्त लागतो म्हणे.

ह्यांनी तुमचं पत्र फाडलं नाही. रजिस्टरमध्ये ठेवलं होतं. मी काढून वाचलं. एकदा वाचलं, मग कणीक मळता मळता आठवलं आणि हात धुऊन परत वाचलं. तुम्ही लिहिलंय की दोन दिवस दाबलं, मग सोडून दिलं, मग दुखायचं थांबलं. आणि आमच्या ह्यांचं दाबणं तर एक दिवस चुकलेलं नाही. लग्नाचा वाढदिवस चुकला, अंगठा चुकला नाही. म्हटलं, अंबूबाई, यात काहीतरी आहे. वर्षालीला सांगितलं, चोवीस तारखेपर्यंत थांब, मग जायचं तर जा. तिनं बॅगा परत पलंगाखाली सारल्या.

चोवीसला मी दवाखान्यात बरोबर गेले. ह्यांनी डॉक्टरांपुढं रजिस्टर ठेवलं, तक्रार ठेवली, पाच 'का'चा तक्ता ठेवला. डॉक्टर चांगले, हसले नाहीत. त्यांनी आधी फोटो काढायला लावला, स्वतः छातीवर हात ठेवून खोकायला लावलं, इकडून तिकडून बघितलं. म्हणाले, तारा जागच्या जागी आहेत, हाड छान धरलंय. हे ऐकूनही आमचे हे रजिस्टरकडंच बोट दाखवत होते. मग मी तुमचं पत्र पिशवीतून काढून दिलं आणि सांगितलं, "सायब, ह्ये रोज नऊ बारी दाबत्यात. त्यांनी सोडलं, त्यांचं थांबलं."

भाऊ, आता तुमची ती उशी घ्या.

डॉक्टर ह्यांना म्हणाले, कसं तपासता ते करून दाखवा. हे खूष झाले. ताठ बसले, अंगठा टेकवला, मोठ्यानं दहा आकडे मोजले, मग मध्ये दहा, मग खाली दहा. कळवळले आणि मला म्हणाले, लिही, सहा. डॉक्टरांनी पेन काढलं आणि तक्त्यातला तो मोकळा ठेवलेला पाचवा रकाना भरला. लिहिलं: रोज नऊ वेळा दाबलं जातं म्हणून. खाली सही केली आणि शिक्कासुद्धा मारला. ह्यांना म्हणाले, "हिंदुराव, बरं होत असलेल्या हाडाला कुणी रोज जागं केलं तर ते झोपेल कधी? जोड मी तपासला, पास आहे. आता हा अंगठा जप्त."

हेही सांगितलं की थोडं दुखणं कुणाकुणाचं कितीतरी महिने राहतं. दुखतंय म्हणजे उघडतंय असं नाही. सहा एप्रिलनंतर बसल्या जागी नात घ्यायला हरकत नाही, कुणीतरी उचलून द्यायची. कधी लाल झालं, ताप आला, कटकट वाजलं तर लगेच यायचं, पण दाबायचं नाही.

घरी आल्यावर मी ह्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली आहे. एवढं मोठं ऑपरेशन झालं पण भेटायला येणारा आता अंगठ्याला काय झालं तेच विचारतो.

तुमच्यावर रागावलेत, पण खिडकीत बसून सुजितच्या गाडीची वाट बघतात. मी ओळखते त्यांना.

अंबूबाई


चिखली
२ एप्रिल

कॉट नंबर आठ यांस
कॉट नंबर सातचा नमस्कार.

हे पत्र डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसाल म्हणून उशी आधीच सांगून ठेवतो.

आठ दिवस अंगठा बांधलेला आहे. दाबता येत नाही, त्यामुळे रीतसर आकडा नाही. अंदाजे मध्ये तीन असेल. काल चहा पिताना विसरलो होतो. अंबूबाईनं 'काय म्हणतंय हाड' विचारलं तेव्हा आठवलं, आणि आठवल्याबरोबर दुखलं. हे कसलं मोजमाप, मला काही समजत नाही.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण लाल शाईनं बाद केलेल्या पानावर मी काल एक ओळ लिहिली, ती तुम्हाला कळवणं माझं काम आहे. 'सदर ऑपरेटरचे आकडे खोटे, परंतु नोंद न घेतलेली एकच गोष्ट खरी आणि उपयोगी.' ज्यानं तपासलं नाही त्याचाच नग चांगला निघाला, हे चौतीस वर्षं इन्स्पेक्टर असलेल्या माणसाला लिहावं लागलं. यापेक्षा मोठी शिक्षा मी तुमच्यासाठी मागणार नाही, कारण ती मलाच झाली.

तेरा तारखेला रविवारी बारसं आहे, इथंच, चिखलीत. सोळाला सकाळी वर्षाली बाळाला घेऊन अकोल्याला जाईल. म्हणजे मला तीन दिवस मिळतात. खरं सांगतो, अजून धीर होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, फोटो दाखवला, शिक्का मारला, तरी ती जवळ आली की अंगठा चिंधीत वळवळतो. तुम्ही या. गिरजाबाईंना आणा. शेजारी बसा, दवाखान्यात बसायचो तसे.

आपला,
हिंदुराव


काळेवाडी
५ एप्रिल

हिंदुराव,
जय भीम. येतो.

गिरजा म्हणते, तुमची ती कॉट नंबर सात तिला एकदा डोळ्यांनी बघायची आहे. केसरबाईंनाही कळलंय. त्यांनी माझ्यासाठी अत्तराची बाटली पाठवली आहे आणि 'शोभेल असा शर्ट घाला' म्हणून निरोप दिलाय. मी आता खुलासा करत नाही. एवढं सुख आयुष्यात परत मिळायचं नाही.

उशी बरोबर आणतो.

आपला,
अण्णासाहेब


चिखली
१५ एप्रिल

अण्णासाहेब,
काल जयंतीला तुम्ही पिंपरीत असणार म्हणून एक दिवस थांबलो. मिरवणुकीत किती वेळ उभे होतात ते कळवा. आकडा खरा लिहा.

परवाचं सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, तरी नोंद लागते म्हणून लिहितो.

बायका आत पाळण्याशी होत्या. अकोल्याहून आलेल्या आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, गार्गी. आपण दोघं बाहेर शेजारी शेजारी खुर्च्यांवर, तुमच्या अंगाला केसरबाईंचं अत्तर. आत टाळ्या झाल्या, बाळ रडायला लागलं आणि वर्षाली तिला घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, फेब्रुवारीत उभी राहिली होती तशीच. मी म्हणणार होतो, थोड्या वेळानं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात तुम्ही उठलात. तिच्या हातातून पोर घेतलीत, माझ्याकडं वळलात आणि एकच शब्द बोललात, "उशी."

माझे हात आपोआप वर आले. दोन महिने त्या शब्दाला ते तसेच वर येत होते. त्यात तुम्ही माझी नात ठेवलीत.

मग मला हसू आलं. ते गुदगुल्यांसारखं पोटातून आलं आणि थांबेना. तुम्ही हसायला लागलात, गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. अंबूबाई आतून धावत आली. तिला वाटलं हाड गेलं. मी हसतोय, छाती हलतेय आणि तिच्यावर गार्गी खालीवर, खालीवर. तिनं रडणं थांबवलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि झोपली. मी रडलो हे तुम्ही बघितलंत. ते नोंदीत घालत नाही, पण नाकारतही नाही.

तुम्ही निघताना दारात उराउरी भेटलात, तेही दुखलं. जरा जोरातच भेटलात.

उद्या सकाळी त्या निघतील. काल आणि आज मिळून तिला मी अकरा वेळा घेतलं. अंबूबाईनं अंगठ्याची चिंधी सोडली आहे. अंगठा आता गार्गीच्या मुठीत असतो, त्यामुळे त्याला दुसरं काम उरलेलं नाही.

रजिस्टर बंद करतोय. शेवटचं पान सोबत पाठवतो.

दिनांक १३ एप्रिल २०२५. तपासणीचं ठिकाण: मध्ये. ठेवलेलं वजन: पाच किलो सातशे. वेळ: बावीस मिनिटं. दुखलं का: हो, दोन. उपाय: काही नाही, राहू दिलं.

खाली तुमची सही लागते. या खेपेस तुम्ही समोर उभं राहून बघितलं आहे, तेव्हा चहा पिता पिता केलीत तरी चालेल.

आपला,
हिंदुराव